कुणाकडे

माझ्या वहीत चार रकाने :
नाव, गाडीचा नंबर, वेळ, कुणाकडे.
पेलिकन रीचच्या फाटकावर
सकाळी सहा ते संध्याकाळी सहा
मी, विल्नेर, हे रकाने भरून घेतो
आणि दांडा वर करतो.

ती पहिल्यांदा आली मार्चात.
ओहायोची नंबरप्लेट, दारांच्या कडा गंजलेल्या.
तिकडे बर्फावर मीठ टाकतात म्हणे.
इथं फ्लोरिडात ते हवेतूनच येतं.
नाव : व्हर्ना प्रुइट. कुणाकडे : दलाल.
दलालाचं नाव तिला आठवत नव्हतं.

त्यानंतर चार वेळा.
ब्रेंडन तिला सगळ्यांना दाखवतो तेच दाखवायचा :
पोहण्याचा तलाव, त्याला लागून खाडी
(पाण्याशेजारी पाणी कशाला, मला कधी कळलं नाही),
होड्यांचा धक्का, तिसऱ्या मजल्यावरची बाल्कनी,
जिथून सूर्य पुलाच्या दोन खांबांमध्ये बुडतो.
दरमहा नऊशे चाळीस डॉलर देखभाल.
त्यात मी येतो,
आणि गवत, आणि कारंज्याचे दिवे.

सहाव्या वेळी ती एकटीच.
काच खाली केली, इंजिन बंद केलं,
मागे दोन गाड्या खोळंबल्या तरी.
"पाणी कुठवर आलं होतं?"

अकरा वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं.
लोक विचारतात, कुत्रा किती वजनाचा चालतो,
पाहुणे किती दिवस ठेवता येतात,
बाल्कनीत कपडे वाळत घालता येतात का. (नाही.)
आम्हाला ताकीद आहे, गिऱ्हाइकाशी
हवामानावर बोलायचं नाही.
मी बोललो नाही.
केबिनमधलं कॅलेंडर फक्त खिळ्यावरून उतरवलं.
मागे पेन्सिलची रेघ, माझ्या पट्ट्याच्या दोन बोटं वर.
खाली आणखी एक, जुनी, गुडघ्याशी.
तारखा माझ्याच अक्षरात.

तिनं रेघ पाहिली, मग माझा पट्टा.
मागचा हॉर्न वाजवत होता.
"काचेच्या कारखान्यात चौतीस वर्षं
मी बाटल्या उजेडाला धरून तडे शोधले.
तडा गेलेल्या घरी न्यायचे.
दोन अजून खिडकीत आहेत," ती म्हणाली,
आणि गाडी वळवून निघून गेली.

मला वाटलं, संपलं.
माझा बाप जेरेमीला समुद्राकडे पाठ करून घर बांधायचा.
शहाणं माणूस असंच करतं.

पुढचं मला क्लबहाउस झाडणाऱ्या मारिसेलकडून कळलं.
बाईनं तीन वर्षांच्या सभांची इतिवृत्तं मागवली,
छतासाठी काढायच्या जादा वर्गणीचा आकडा हुडकला,
पूरविम्याचं कलम दोनदा मोठ्यानं वाचून घेतलं,
आणि कुठं पाणी मुरतंय ते सापडल्यावर
किमतीतून एकतीस हजार उतरवून घेतले.
त्यातले थोडे त्या रेघेचे असणार.
माझं कमिशन कुणी विचारलं नाही.

किल्ली मिळाली त्या दिवशी तिच्या काचेवर स्टिकर होतं.
दांडा आपोआप वर गेला.
ती तरी थांबली. वही मागितली.
"मालकांना लिहावं लागत नाही."
"ठाऊक आहे."
नाव, नंबर, वेळ.
चौथ्या रकान्यापाशी पेन अडलं.
दांडा खाली यायला लागला,
मी बटण दाबून धरलं.
तिनं लिहिलं : माझ्याकडे.

आता ती संध्याकाळी फाटकापर्यंत चालत येते,
कोड विसरते, मी आत घेतो.
एवढी बाल्कनी असून इथं येऊन रस्ता बघते.
नवरा ट्रक चालवायचा, एवढंच एकदा म्हणाली.

जानेवारीत तिनं मला नवं कॅलेंडर दिलं,
ओहायोतल्या कुठल्याशा बँकेचं, लांबरुंद,
प्रत्येक महिन्यावर एक धान्याचं कोठार.
त्याखाली दोन्ही रेघा झाकून गेल्या असत्या.

मी खिळा उपटला
आणि हातभर वर ठोकला.
ब्रेंडनच्या अजून लक्षात आलेलं नाही.